सर नावाला, शिकवतो पीएचडीवाला

या वेळी पत्रं उघडली तर चार पत्रं एकाच विषयावरची निघाली, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत, रागावू नका. विषय असा की कॉलेजातली मुलं स्टायपेंड घेऊन रिसर्चची उमेदवारी करतात आणि त्यांना हाताखाली घेणारा माणूस बहुतेक वेळा प्रोफेसर नसतो, पीएचडी करणारा कुणीतरी दादा नाहीतर ताई असते.

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझी मुलगी अमेरिकेत एका युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला आहे. तिला तिथल्याच लॅबमध्ये काम मिळालंय, तासावर पैसे मिळतात. पण प्रोफेसर महिन्यातून एकदा दिसतात म्हणे, बाकी सगळं एक पंचवीस वर्षांचा पीएचडीचा मुलगा शिकवतो. आम्ही कर्ज काढून एवढी फी भरतो ती यासाठी का? आणि पैसे घेतल्याने व्हिसाचं काही होणार नाही ना?
— एक आई, नाशिक

उत्तर: आधी व्हिसाचं बघू, कारण झोप त्यानेच उडाली असणार. एफ-१ व्हिसावर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर, कॅम्पसमध्ये काम करता येतं, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत, मोठ्या सुट्टीत त्याहून जास्त. युनिव्हर्सिटीची लॅब, युनिव्हर्सिटीचाच पगार, म्हणजे साधारण त्यात बसतं. तरी तिला तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला एकदा विचारून घ्यायला सांगा, आणि ती लायब्ररीत वगैरे अजून कुठे काम करत असेल तर दोन्हीकडचे तास एकत्र मोजतात हे विसरू नका. अजून एक, उन्हाळ्यात तिच्या मैत्रिणी आरईयू नावाच्या रिसर्च प्रोग्रामला जातील आणि हिला नाही मिळणार, तर हिची हुशारी कमी पडली असं समजू नका. तो एनएसएफचा, म्हणजे तिथल्या सरकारी विज्ञान निधीचा पैसा, १९८७ पासून चालू आहे, पण तो फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो.

आता त्या पंचवीस वर्षांच्या मुलाबद्दल. आपल्याकडे एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून लागतात, त्यांना स्टायपेंड मिळतं, त्याला १९६१ चा कायदाच आहे. त्या पोराला इंजिन खोलायला कोण शिकवतं, डेपो मॅनेजर का? नाही ना, हात काळे असलेला जुना मेकॅनिक शिकवतो, मॅनेजर सहीपुरता. लॅबमध्ये पण तसंच असतं. प्रोफेसर ग्रँट म्हणजे संशोधनाचा निधी आणतात, दिशा ठरवतात, पेपर तपासतात, आणि त्यातल्या कित्येकांनी स्वतः पिपेट हातात धरून दहा वर्षं झालेली असतात. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६९ साली मार्गारेट मॅकव्हिकर या तरुण प्राध्यापिकेने पदवीच्या मुलांना खऱ्या संशोधनात घेणारी यूरॉप योजना सुरू केली, त्यामागे पोलरॉइड कॅमेऱ्याच्या एडविन लँड यांचा आग्रह होता, आणि तिथेसुद्धा मुलांना रोजचं काम दाखवणारा बऱ्याचदा पीएचडीवाला नाहीतर पोस्टडॉकच (पीएचडी झालेला तरुण संशोधक) असतो. (तिथला एक नियम मला आवडतो, एका कामाचे पैसे घ्या नाहीतर क्रेडिट घ्या, दोन्ही नाही.) कॅलिफोर्नियातल्या बर्कली युनिव्हर्सिटीत तर स्मार्ट नावाची योजनाच अशी आहे की पीएचडीचा विद्यार्थी आपलं संशोधन मांडतो, पदवीचा विद्यार्थी सोबत घेतो, आणि दोघांनाही पैसे मिळतात.

म्हणजे तुमची काळजी मला कळते पण ती चुकीच्या जागी आहे. मुलीला हे विचारा की तो मुलगा तिला आठवड्यातून किती वेळ देतो, तिला नुसत्या बाटल्या धुवायला आणि लेबलं लावायला लावतो की हे का करतोय तेही सांगतो, आणि लॅब मीटिंगला तिला बसू देतात की नाही. बाटल्या पहिला महिना सगळेच धुतात. चौथ्या महिन्यात पण तेच चालू असेल तर मग तिने प्रोफेसरांना स्वतःहून भेटायची वेळ मागावी.

प्रश्न: मॅडम मी सांगली जिल्ह्यातून आहे, एसवाय बीएस्सी. मला समर इंटर्नशिप करायचीये. पन्नास-साठ प्रोफेसरांना मेल टाकले, एकाचंही उत्तर नाही. एक जण १५,००० रुपये भरले तर ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट देतो म्हणतोय. भरू का?
— एक विद्यार्थी

उत्तर: नको रे बाबा, अजिबात भरू नकोस. उमेदवारीत पैसे उमेदवाराकडे येतात, त्याच्याकडून जात नाहीत. बिनपगारी काम एक वेळ समजू शकते, पण पैसे देऊन काम? आणि ते सर्टिफिकेट पुढे इंटरव्ह्यूला कुणी बघत नाही, तू नक्की काय केलंस ते विचारतात, आणि दोन मिनिटांत कळतं.

आता मेलचं. तुझे साठ मेल एकसारखेच असणार, "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी मच इंटरेस्टेड" वगैरे, खरं सांग. प्रोफेसरांच्या इनबॉक्समध्ये डिसेंबर-जानेवारीत असल्या मेलांचा पूर येतो. त्यापेक्षा असं कर, ज्या लॅबमध्ये जायचंय तिचा गेल्या दोन-तीन वर्षांतला एक पेपर उघड, एकच, पण नीट वाच, समजला नाही तरी आकृत्या बघ, खालच्या ओळी वाच. बायॉलॉजीत किंवा केमिस्ट्रीत पेपरवर पहिलं नाव असतं ते बहुतेक वेळा ज्याने हाताने काम केलंय त्याचं, म्हणजे पीएचडीवाल्याचं. मग लॅबच्या पानावर बघ तो अजून तिथे आहे का. असेल तर त्याला लिही की तिसऱ्या आकृतीत तुम्ही अमुक कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) का घेतला ते मला कळलं नाही. पाच ओळी बास. त्याच्या कामाबद्दल त्याला आपणहून कुणी विचारत नाही, आई-वडील पण फक्त "कधी संपणार" एवढंच विचारतात, त्यामुळे तो उत्तर देण्याची शक्यता खूप जास्त. तुला घ्यायचं की नाही हे शेवटी सरच ठरवतात, कागदपत्रं त्यांच्याच सहीने होतात, पण "सर, हा मुलगा बरा वाटतोय" हे वाक्य आतून गेलं की काम होतं.

आणि मेलवरच बसून राहू नकोस. तिन्ही सायन्स अकॅडमी, म्हणजे बेंगळुरूची, दिल्लीची आणि प्रयागराजची, मिळून समर फेलोशिप देतात, दोन महिन्यांची, स्टायपेंड मिळतं, जाण्यायेण्याचं भाडंपण मिळतं. फॉर्म पावसाळा संपल्यावर निघतात आणि आपली मुलं मार्चमध्ये जागी होतात, तिथेच घोळ होतो. मानखुर्दला होमी भाभा सेंटरची एनआययूएस नावाची योजना आहे, पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठी. मुंबईचं टीआयएफआर, पुण्याचं आयुका आणि एनसीआरए या संशोधन संस्था, सगळ्यांचे उन्हाळी प्रोग्राम असतात, वर्षाची आणि विषयाची अट प्रत्येकाची वेगळी, ती आधी वाच. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात होतास आणि इन्स्पायर ही सरकारी स्कॉलरशिप मिळतेय का? मग त्या वर्षाच्या ८०,००० मधले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठीच असतात. माझ्या ओळखीच्या दोन मुलांना हे तिसऱ्या वर्षी कळलं!

जर्मनीचं आकर्षण असेल तर डाडची, म्हणजे तिथल्या विद्यार्थी-देवाणघेवाण संस्थेची, राइज म्हणून योजना आहे, तिच्यात प्रोजेक्ट मांडतोच पीएचडीवाला आणि मेंटॉर म्हणजे मार्गदर्शकही तोच. पण ती अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंडच्या मुलांसाठी, आपल्यासाठी वेगळी वाइज आहे आणि तीही ठरावीक संस्थांतल्याच मुलांना. तुझं कॉलेज त्यात असायची शक्यता कमी, म्हणून त्याच्यामागे वेळ घालवू नकोस. त्यापेक्षा सहा सेमिस्टरला ७५ टक्के टिकव, चौथ्या वर्षी रिसर्चसह ऑनर्स घ्यायला यूजीसीची तेवढी अट आहे.

प्रश्न: मॅडम, मी पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. दर मे महिन्यात गाइड माझ्या गळ्यात दोन समर ट्रेनी घालतात. त्यांना स्टायपेंड, शेवटी सर्टिफिकेट, सरांना शाबासकी, आणि माझे दोन महिने जातात. नाही म्हणता येत नाही. काय करू?
— नाव नको

उत्तर: अगं, हे पत्र मीच वीस वर्षांपूर्वी लिहिलंय की काय असं वाटलं. माझी पीएचडी फळमाश्यांवर, म्हणजे केळ्यावर घोंघावतात त्या. आयुष्याची पाच वर्षं मक्याचं पीठ, गूळ आणि यीस्टच्या त्या आंबूस वासात गेली, अजून इडलीचं पीठ फुगलं की मला फ्लाय रूम आठवते. क्रॉस लावायचा, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी लावायची, तर मादी कोरी, नराशी संबंध न आलेली लागते, आणि २५ डिग्रीला कोशातून बाहेर आल्यावर साधारण आठ तासांत तिला नरांपासून वेगळी केली नाही तर भरवसा संपला. माझ्याकडे एक ट्रेनी आला, गोड मुलगा, त्याला मी सांगितलं सकाळी बाटली रिकामी कर आणि संध्याकाळच्या आत माद्या वेगळ्या कर. एका संध्याकाळी तो क्रिकेटची मॅच बघायला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आला, सगळ्या माद्या गोळा केल्या, मन लावून लेबलं लावली, क्रॉस लावले, मला काहीच बोलला नाही कारण त्याच्या दृष्टीने बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं. तीन आठवड्यांनी आकडे असे विचित्र आले की मी नवीन जीन सापडला म्हणून नाचायच्या बेतात होते. ओरडले त्याच्यावर खूप. रात्री कळलं की "आठ तास" मी सांगितलं होतं पण का ते सांगितलंच नव्हतं, त्याला वाटलं ऑफिसच्या वेळेसारखं काहीतरी असेल.

तर पहिली गोष्ट, तुझ्या थीसिसच्या मुख्य प्रयोगाला ट्रेनीचा हात लावू देऊ नकोस. त्याला बाजूचा प्रश्न दे, जो तुला करायचाय पण वेळ नाही, आणि जो फसला तरी तुझं काही अडत नाही. दुसरं, दिवस मोजून प्रोजेक्ट ठरव. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस, पहिला आठवडा हात बसायला, शेवटचा रिपोर्टला, राहिले चाळीसेक. माशीची एक पिढी दहा दिवसांची, म्हणजे फार तर चार पिढ्या, त्यातली एक वाया जाणार हे धरूनच चालायचं, म्हणजे तीन. तीन पिढ्यांत बसणारा प्रश्न कोणता? तोच द्यायचा. तुझं काम पेशींवर असेल, रोपांवर असेल, हिशोब तोच, आकडे तुझे. गाइड लोक पहिल्या दिवशी उत्साहाने दोन वर्षांचं काम सांगून मोकळे होतात, ते तिथल्या तिथे कापायचं काम तुझं.

पहिले दोन आठवडे तुझं नुकसान होणारच. तिसऱ्यापासून मुलगा तुझे दोन तास वाचवायला लागला तर बरं चाललंय. आणि दोघं आलेत तर त्यांना एकच काम जोडीने दे, एकमेकांना विचारतात, तुझ्या डोक्याला निम्मा ताप.

पैशाचं तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि हे कुणी मोठ्याने बोलत नाही. २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सुरुवातीची फेलोशिप, महिन्याला ३७,००० झाली, सीनियरची ४२,०००, छान झालं, पण त्यात दोन ट्रेनी सांभाळायचे पैसे कुठे धरलेत? वर बर्कलीचं सांगितलं तिथे मेंटॉरला पैसे तर देतातच, शिवाय मेंटॉरिंग कसं करायचं ते शिकवतातही. आपल्याकडे ज्याला कुणी शिकवलंच नाही त्याने दुसऱ्याला शिकवायचं, तेही फुकट. पैसे तुझे गाइड खिशातून देणार नाहीत, पण दोन गोष्टी माग आणि मेलवर माग. एक, ट्रेनीच्या सर्टिफिकेटवर आणि रिपोर्टवर मेंटॉर म्हणून तुझं नाव. दुसरं, ट्रेनीचा डेटा पेपरात गेला तर नावांचा क्रम काय, हे मे महिन्यातच ठरवा, नंतर भांडणं होतात, मी पाहिलीत. आणि वर्षाला दोनऐवजी एकच ट्रेनी, हे "माझी अमुक महिन्यात प्रोग्रेस मीटिंग आहे" असं सांगून माग, थेट नाही म्हणू नकोस. गाइडला मीटिंगची भाषा कळते.

प्रश्न: हे सगळं सायन्सवाल्यांनाच का? मी बीए इतिहास, कोल्हापूर.

उत्तर: खरंय तुझं, पैसे देणाऱ्या योजना बघितल्या तर तुमच्या वाट्याला फारच कमी येतं. बर्कलीची ती योजना इतिहासालाही चालते, इथे तसं काही मी तुला दाखवू शकत नाही. पण मोडी येते का? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, पडलेत आणि मराठा इतिहासावर पीएचडी करणाऱ्या कितीतरी जणांना मोडी भराभर वाचता येत नाही, परदेशातून आलेल्यांना तर अजिबात नाही. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग निघतात, थोड्या दिवसांचे असतात, ते कर, मग रोज दोन पानं लिप्यंतर करून हात बसव. त्यानंतर तुला शोधत लोक येतील. आले की पानामागे किती घेणार ते आधी सांग, आणि प्रबंधात ऋणनिर्देशात नाव येणार का तेही त्याच फोनवर विचारून घे.