काटा टाचेत मोडला, पांढऱ्या पेशींना पत्ता कोण सांगतं?

तुम्ही विचारलं की आबाजींच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, तिसऱ्या दिवशी पू झाला. रक्त तर अंगभर फिरतं, मग पांढऱ्या पेशी नेमक्या तिथंच कशा उतरल्या?

मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी लॅबमध्ये आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत असे पाय नेहमीचेच.

पेशींना पत्ता माहीत नसतोच. तिथल्या रक्तवाहिनीची आतली भिंत चिकट होते, एवढंच. काट्यासोबत जंतू शिरले की मांसात आधीपासून बसलेल्या मॅक्रोफेज पेशी त्यांना अंगावरच्या टोल-लाइक रिसेप्टरांनी ओळखतात आणि टीएनएफ, इंटरल्युकिन-१ ही इशारा देणारी प्रथिनं सोडतात. भिंतीच्या पेशी मग सिलेक्टिन नावाचे रेणू बाहेर काढतात. पी-सिलेक्टिन आत तयारच असतं, मिनिटांत वर येतं. ई-सिलेक्टिन नव्यानं बनवावं लागतं, त्याला काही तास लागतात.

सिलेक्टिनची पकड कुसळासारखी. वावरातून येताना धोतराला लागतं, झटकलं की सुटतं. न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळणारी पांढरी पेशी, तशी अडकत-सुटत भिंतीवरून गडगडते आणि तिचा वेग मोडतो. तेवढ्यात भिंतीवरचं इंटरल्युकिन-८ हे इशाऱ्याचं प्रथिन तिला लागतं, की तिच्या अंगावरचे वाकून मिटलेले इंटेग्रिन नावाचे पकडीचे रेणू ताठ होतात. शिवाय पेशीच्या पोटातल्या कणांत साठवलेलं सीडी-११बी, तेही इंटेग्रिनच, वर येतं. ही पकड मात्र बोराटीची, ओढाल तर धोतर फाटेल. आता कुसळांचं काम संपलं, म्हणून स्वतःचं एल-सिलेक्टिन ती अंगावरून छाटून टाकते. मग भिंतीच्या फटीतून बाहेर. तो पू म्हणजे बराचसा अशा मेलेल्या न्यूट्रोफिलांचा ढीग.

हे नुसतं पुस्तकी नाही. काही बाळांना जन्मतः सीडी-१८ हा इंटेग्रिनचा भागच नीट मिळत नाही. त्यांची नाळ उशिरा गळते, जखमा चिघळतात, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट; आणि पू होत नाही! पेशी आहेत, पण उतरता येत नाही.

आमच्याकडचे म्हातारे आणखी एक विचारतात, "भाऊ, काटा तर पायात होता, मंग जांगेत अवधान कायले आलं?" जखमेजवळच्या डेंड्रायटिक पेशी जंतूचे तुकडे घेतात, अंगावर सीसीआर-७ हा गाठीची वाट दाखवणारा रिसेप्टर चढवतात आणि लसिकेच्या वाटेनं जांघेतल्या गाठीत जातात. तिथं लिम्फोसाइट या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी वाढू लागतात, गाठ फुगते; तेच अवधान.

आबाजींचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, केला असेल तर एक ध्यानात ठेवा. त्यात पेशी किती तेवढंच कळतं, त्यांच्या अंगावर काय आहे ते नाही. मोठ्या ठिकाणी फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशीच्या अंगावरचे रेणू मोजणाऱ्या यंत्रावर, न्यूट्रोफिलवरचं सीडी-६४ हे प्रथिन पाहता येतं. जंतुसंसर्गात ते काही तासांत वाढतं. आमच्याकडे मायक्रोस्कोप आणि काउंटर. त्यातून कोणी गावात 'ताकदीचं' म्हणून स्टेरॉइड टोचून घेतलं असेल, तर भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि संसर्ग नसतानाही आकडा फुगतो. म्हणून रक्त घेण्याआधी मी विचारतो, "कुठं सुई घेतली का?" आबाजी लोक ठासून नाही म्हणतात. सोबत आलेली सून तेवढी खाली पाहते.