दाते शाबूत आहेत, मग आवाज कुठून?

प्रश्न : मी गॅरेजमध्ये काम शिकतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून घेणारा) चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आम्ही खोलला. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरला घुंघुं करायची, तिसऱ्याला आवाज बंद व्हायचा. सगळे पार्ट धुऊन पाहिले, एकही दाता तुटलेला नाही. झीज शोधायची कुठे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आवाजाची खूण तुम्ही अचूक टिपलीत. अशा गिअरबॉक्सचा तिसरा गिअर बहुधा डायरेक्ट असतो, म्हणजे आत आलेला वेग न बदलता तसाच बाहेर जातो. तेव्हा सन गिअर (मधला), पिनियन (त्याभोवतीचे छोटे गिअर), कॅरिअर (पिनियन धरणारी चौकट), रिंग गिअर (बाहेरचा) सगळे एकसंध फिरतात, पिनियन आपल्या पिनवर फिरतच नाहीत. म्हणून तिथे आवाज थांबतो. दाते बाजूला ठेवा, कॅरिअर हातात घ्या.

एकेक पिनियन अंगठ्याने सावकाश फिरवा. खरखर लागते का, अडखळतो का ते बघा. मग वर-खाली हलवा आणि पिनियन व वॉशर यांच्यामध्ये फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. मर्यादा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलीच धरा. पण त्याआधी सगळ्या पिनियनचा प्ले (ढिलेपणा) एकमेकांशी ताडून बघा. एकाचाच जास्त निघाला तर संशय तिथेच. पिन निळसर पडली असेल तर तिला ऑइल मिळालेलं नाही. तिचं ऑइलचं भोक तुंबलंय का ते जरूर तपासा. थ्रस्ट बेअरिंगच्या रेसवर (रोलर ज्यावर फिरतात त्या कडीवर) नखाला नीडलचे (बारीक रोलरचे) चरे लागले, तर ते बेअरिंग परत बसवू नका. सन गिअरचा बुश (शाफ्टवर बसणारी नळी) एकाच बाजूने खाल्लेला दिसला, तर शाफ्टही तपासायला घ्या.

पुढच्या वेळी धुण्याआधी चेंबरमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल पॅनमधलं) लोहचुंबक बघा, ही माझी कळकळीची विनंती. त्यावर राखाडी लोण्यासारखा थर नेहमीचाच. पोलादाचे चमकणारे कण म्हणजे गिअर किंवा बेअरिंग. पितळी कण चुंबकाला चिकटत नाहीत, ते चेंबरच्या तळाशी सापडतात आणि बुश-वॉशरकडे बोट दाखवतात. डिझेलने धुतलं की ही साक्ष जाते. बेअरिंग हवेच्या पाइपने गरगर फिरवू नका, आणि पुसायला सुती चिंध्या नकोत. धागे व्हॉल्व्ह बॉडीत (ऑइल वळवणाऱ्या बारीक वाटांच्या भागात) अडकतात.

एकच पिनियन खराब असला तरी पूर्ण कॅरिअर बदलायला मालकाला सांगा. ऑइल कूलरची लाइन धुऊन घ्या, कन्व्हर्टरही साफ करून घ्या किंवा बदला. कण तिथे राहिले तर नव्या कॅरिअरलाही तेच खातील.