ओपन-टॉप गाडीचं स्केच काढतोयस? आधी एवढंच बघ

अरे भावा, तरुण पोरांसाठीच्या ओपन-टॉप कन्सेप्ट गाडीचं (म्हणजे अजून कल्पनेतलीच) स्केच दाखवलंस, त्यात दम आहे, पण सुरुवातच हेडलाइट आणि स्पॉयलरपासून केलीयस, सगळे नवे तेच करतात. आधी साइड व्ह्यू काढ.

१) जमिनीची रेघ, दोन चाकं आणि आत बसलेला माणूस, हे पहिलं. तुझा ड्रायव्हर नीट बसवून बघ, डोकं विंडशील्डच्या वर येतंय त्याचं.
२) छप्पर गेलं की बॉडी पिळवटते, म्हणून सिल, म्हणजे दाराखालचा बॉडीचा पट्टा, आणि विंडशील्डची फ्रेम दणकट लागते. तू ती काडीसारखी काढलीयस.
३) कापडी छप्पर घडी होऊन जाणार कुठे ते आत्ताच ठरव, नाहीतर डिकीच उरत नाही.

माझदा एमएक्स-५ बघ, दोन सीटची छोटी ओपन-टॉप गाडी, १९८९ची पहिली. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२६५ मिमी, इंजिन साधं १.६ लिटर, वजन टनाच्या आत, आणि मजा त्यातच आहे, तरुण पोरांसाठी काढतोयस तर हाच हिशोब धर. आणि हो, कन्सेप्ट असली तरी ठाण्याच्या घोडबंदर रोडचे खड्डे आठव, गाडी जमिनीला चिकटवू नकोस.

एरोडायनॅमिक्स, क्ले (मातीचं) मॉडेल वगैरे नंतर बघू. सध्या वाशीत मॉलच्या पार्किंगमध्ये उभ्या गाड्या बाजूने स्केच कर, वॉचमन हटकेल, हटकू दे.