उजनीची टक्केवारी वाचण्याआधी
भीमा खोऱ्याचा अभ्यास नव्यानं सुरू केलायस ना, मग आधी भीमेवरच्या उजनी धरणाची टक्केवारी समजून घे. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडं नव्हे. तेव्हाही तळाशी साधारण ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं पाणी असतं. एकूण साठा ११७ टीएमसी. टक्केवारी मोजतात ती मृतसाठ्याच्या वरच्या पाण्याची; पातळी त्याखाली गेली की उणे. म्हणून तर उन्हाळ्यात आकडा 'उणे' होतो. आणि सोलापूरचं आभाळ बघत बसू नकोस. आपण पर्जन्यछायेत, उजनी भरते पुण्याकडच्या घाटातल्या पावसावर. मी पावसाळ्यात रोज सकाळी दौंडचा विसर्ग, म्हणजे तिथून उजनीत येणारा प्रवाह, वहीत टिपतो. नीरा मात्र धरणाच्या खाली, नरसिंहपूरला भीमेला मिळते. उजनीतून थेंब न सोडताही पंढरपुरात चंद्रभागा (म्हणजे भीमाच) चढू शकते, ती तिच्यामुळे. हे बरेच जण विसरतात! सवडीनं हत्तरसंग कुडलला जाऊन सीना-भीमेचा संगमही बघून ये.