सूत सारखं तुटतं

प्रश्न : महिनाभर टकळीवर कापूस काततेय. डबे, सासूबाईंची औषधं, धाकट्याचा अभ्यास यातून वीस मिनिटं मिळतात. त्यात सूत दहादा तुटतं. पेटीचरखा घेऊ का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, चरखा इतक्यात नको. तुटलेलं टोक नीट बघा. तंतू अलगद सुटून आले असतील तर पीळ कमी पडतोय. कापसाचा तंतू जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर, तो पिळावरच टिकतो. टकळी अधांतरी सोडू नका, तिचं टोक वाटीत टेकवून फिरवा; कच्च्या सुतावर भार येत नाही. माझं सूत वाटीनंच सावरलं, तेही दोन महिन्यांनी! पेळू, म्हणजे पिंजलेल्या कापसाची वळी, सैल धरा, चिमटीत दाबू नका.

वेळेचं म्हणाल तर मी कुकरच्या तीन शिट्ट्यांत कातते. टकळी आणि पेळू डब्यात, डबा ओट्याजवळच. शोधाशोधीतच वेळ जातो हो.

आणि एकदा लोकर कातून बघाच. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची, घोंगडीला वापरतात ती. भरड असते, पण तंतू लांब, त्यामुळे हाताला पीळ लवकर कळतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेला गेलात तर धनगर बायकांना विचारा, बोटं कशी सरकवायची ते त्याच दाखवतील.