डंजन मास्टरला नियम किती पाठ हवेत?

प्रश्न : आम्ही पाच मित्र ठाण्यात दर रविवारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकून कल्पित पात्रांच्या साहसकथा रंगवण्याचा खेळ खेळतो. पाचव्या आवृत्तीची 2014 सालची पुस्तके आम्ही वापरतो आणि दोन महिन्यांपासून डंजन मास्टरची (डीएमची), म्हणजे कथा पुढे नेणाऱ्या आणि निकाल देणाऱ्या पंचाची, जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या रविवारी एकाच्या हाफलिंगने (बुटक्या जमातीच्या पात्राने) ऑग्रचा (धिप्पाड राक्षसाचा) पाय धरून त्याला जागीच अडवायचे ठरवले. मी फासा टाकायला सांगितला, तोच नियम माझ्याहून कितीतरी चांगले ठाऊक असलेल्या दुसऱ्या मित्राने हरकत घेतली. मी पुस्तक चाळत बसलो आणि वीस मिनिटे खेळ खोळंबला. तिन्ही पुस्तके मिळून हजाराच्या आसपास पाने होतात. ती पाठ झाल्याशिवाय मी डीएम होऊ नये का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण डीएम जरूर राहावे. हजार पाने पाठ असण्याची अट या खेळाने कधीच घातलेली नाही. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला तेव्हा पेटीत तीन लहान पुस्तिका होत्या आणि त्यांत न सांगितलेले पुष्कळसे पंचाने ठरवायचे होते.

मात्र काही गोष्टी पुस्तक न उघडता यायलाच हव्यात. वीस बाजूंचा फासा टाकून, त्यात पात्राच्या कुवतीनुसार ठरलेला आकडा मिळवून, ठरलेला आकडा गाठायचा, हा या खेळाचा कणा आहे. सोप्या कामाला 10, मध्यम कामाला 15 आणि अवघड कामाला 20 हे आकडे आणि अ‍ॅडव्हांटेज असल्यास दोन फासे टाकून मोठा घ्यायचा एवढे पक्के असले, की पुस्तकात न सापडणाऱ्या निम्म्याहून अधिक प्रसंगांचा निकाल आपल्याला जागच्या जागी देता येतो. त्या दिवशी समोर येणारे मॉन्स्टर आणि आपल्या चार खेळाडूंची पात्रे काय करू शकतात, हे खेळाआधी डोळ्यांखालून घातलेले असावे. स्पेलचा तपशील वाचून दाखवणे हे ज्याचे पात्र जादू करते त्याचे काम आहे. ते ओझे आपण उचलू नये.

ज्या नियमावर एखाद्या पात्राचा जीव अवलंबून असतो, त्याबाबतीत मात्र मी सवलत देणार नाही. माझ्या टेबलावर एकदा शून्य हिट पॉइंटवर (जीवनशक्तीचे गुण संपून) पडलेल्या पात्राने डेथ सेव्हिंग थ्रो (जगणे-मरणे ठरवणारा फासा; तीन अपयशे झाली की मृत्यू) टाकला आणि फाशावर चक्क 20 आले. मी ते साधे एक यश म्हणून मोजले. पुढच्याच वारात शेजारी उभ्या असलेल्या शत्रूचा घाव लागला. बेशुद्ध पात्रावर पाच फुटांच्या आतून लागलेला घाव क्रिटिकल (विशेष जबर) ठरतो आणि त्याची दोन अपयशे धरली जातात. एक आधीचे होतेच, त्यामुळे पात्र मेले. रात्री पुस्तक उघडल्यावर कळले, की 20 पडताच एक हिट पॉइंट मिळून ते शुद्धीवर यायला हवे होते, म्हणजे त्या घावाने ते फार तर पुन्हा खाली पडले असते. पुढच्या वेळी आम्ही तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा खेळलो, पण आठ महिने जपलेल्या पात्राचा निरोप घेऊन घरी गेलेल्या त्या खेळाडूचा चेहरा मी विसरू शकत नाही. मृत्यूचे, बेशुद्धीचे आणि कॉन्सन्ट्रेशनचे (चालू स्पेल टिकवून धरण्याचे) नियम आपण तोंडपाठ करावेत असा माझा आग्रह त्यातूनच आला आहे.

आता ऑग्रकडे वळू. आपल्या मित्राची हरकत बरोबर होती : ग्रॅपल करताना (पकडून जागीच अडवताना) समोरचा प्राणी आपल्यापेक्षा फार तर एका आकाराने मोठा चालतो, हाफलिंग स्मॉल आणि ऑग्र लार्ज, मध्ये मीडियम, म्हणजे फरक दोन आकारांचा. परंतु ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये मोठ्या प्राण्याच्या अंगावर चढण्याचा एक ऐच्छिक नियमही दिलेला आहे. हाफलिंगचा अ‍ॅथलेटिक्स (ताकदीचा) किंवा अ‍ॅक्रोबॅटिक्सचा (चपळाईचा) फासा ऑग्रच्या अ‍ॅक्रोबॅटिक्सच्या फाशापेक्षा सरस ठरला, तर हाफलिंग त्याला चिकटून राहतो आणि ऑग्रवरच्या त्याच्या हल्ल्यांना अ‍ॅडव्हांटेज मिळतो. ऑग्र जागीच अडकणार नाही, पण खेळाडूची कल्पना वाया जात नाही. हा नियम ऐनवेळी आठवला नसता तरी चालले असते. “पाय धरून तो थांबणार नाही, पण अंगावर चढायचे असेल तर फासा टाक,” एवढा निर्णय एका मिनिटात देता आला असता आणि पान नंतर शोधता आले असते. फासा पडण्यापूर्वी काय पणाला आहे ते सांगावे आणि दिलेला निर्णय त्या दिवसापुरता मॉन्स्टरलाही लागू ठेवावा; एवढी खात्री असली की खेळाडू चुकीचा निकालही विनातक्रार स्वीकारतात.

नियम जाणणारा मित्र आपला मोठा आधार आहे. ‘प्लेअर्स हँडबुक’ त्याच्याच हाती द्यावे, विचारल्यावर पान काढायला सांगावे आणि अंतिम शब्द आपला राहील हे खेळ सुरू होण्याआधी सर्वांसमोर ठरवून घ्यावे. त्याने 2024 ची सुधारित पुस्तके वाचली असतील, तर तेही आधीच बोलून घ्यावे, कारण त्यांत ग्रॅपलची पद्धत बदलली आहे : तिथे दोघांच्या फाशांची चढाओढ नसते, समोरच्याला सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) टाकावा लागतो. गेल्या रविवारचा ऑग्र अजून जिवंत असेल, तर येत्या रविवारी तिथूनच सुरुवात करावी आणि हाफलिंगला चढण्याचा फासा टाकू द्यावा.