काळा घोडा? मग शनिवारीच जा

प्रश्न : ताई, आम्ही चरईत राहतो. मुलगी नववीत आहे, तिला चित्रकलेचं भयंकर वेड आहे. तिला आणि आमच्या बाबांना (वय ७२, चालतात पण जिने नको म्हणतात) एक दिवस दक्षिण मुंबईतला काळा घोडा, म्हणजे तो गॅलऱ्या-म्युझियमचा परिसर, दाखवायचाय. ह्यांचं म्हणणं रविवारी जाऊ, गर्दी कमी. आणि खरं सांगू का, तिथल्या जहांगीर आर्ट गॅलरीत आत जायला मला भीतीच वाटते, आपल्याला त्यातलं काही कळत नाही, आणि आत गेलं की चित्र घ्यायला लागतं का हो? – एक वाचक, ठाणे

आधी भीतीचं बघू. जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही, नाव-गाव विचारत नाहीत, चित्र घ्या म्हणून मागे लागत नाहीत. सरळ आत जायचं. मी पहिल्यांदा गेले ती मैत्रिणीच्या मागे लपून, आणि पाच मिनिटं एका चित्राकडे बघत बसले ते केवळ पुढे काय करायचं ते न कळल्यामुळे, तर शेजारचे गृहस्थ म्हणाले, आवडलं का? ते चित्र त्यांनीच काढलेलं! तिथं बऱ्याचदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेले असतात आणि अख्ख्या दिवसात त्यांच्याशी बोलायला फार थोडी माणसं येतात. मुलीला सांगा, हा रंग कसा केला म्हणून बिनधास्त विचार. नववीतल्या पोरीने विचारलं की ते लोक खुलतात, माझा अनुभव आहे. ह्या गॅलरीच्या बुकिंगसाठी चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात, आणि मिळतो आठवडाच, साधारण मंगळवारी मांडलं की पुढच्या सोमवारी उतरवायचं. म्हणून "मागच्या महिन्यात कुणीतरी छान सांगितलं होतं" त्याच्या भरवशावर जाऊ नका, ते गेलेलं असतं.

आता वार. रविवार नको. एक तर आपल्या सेंट्रलचा मेगाब्लॉक, ठाण्याहून फास्ट समजून बसलेली गाडी स्लोवर टाकतात आणि बाबा मुलुंडलाच वैतागतात. दुसरं, आजूबाजूच्या खासगी गॅलऱ्या बहुतेक रविवारी बंद. सोमवारी गेलात तर एनजीएमए (आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी) बंद. म्हणून शनिवार. साडेनऊच्या आसपास ठाणे सोडा, सीएसएमटीहून बाबांसाठी टॅक्सी करा (तुम्ही दोघी चालत गेलात तरी चालेल, डी. एन. रोडने हुतात्मा चौकातून पुढे, मस्त रस्ता आहे), आणि पहिलं म्युझियम करा. म्युझियम सव्वादहाला उघडतं, गॅलरी अकराला, त्यामुळे क्रम आपोआप बसतो.

म्युझियम म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, आपल्या घरात अजून "प्रिन्स ऑफ वेल्स"च म्हणतात. १९०५ साली पायाभरणी, इमारत पूर्ण १९१४ ला, पण मध्येच महायुद्ध आलं आणि तिथं लष्करी दवाखाना वगैरे झाला, म्हणून लोकांसाठी उघडलं ते थेट १९२२ मध्ये. सगळं बघायला जाऊ नका प्लीज, पाय तुटतात. पण आत घुमटाखाली उभं राहून लाकडी कोरीव काम नक्की बघा, ते नाशिकच्या एका वाड्यातून विकत आणून बसवलेलं आहे. आमचे एक काका नाशिकचे, त्यांना हे सांगितलं तर ते मान वर करून इतका वेळ उभे राहिले की आम्ही अर्धं म्युझियम फिरून परत आलो तरी तिथेच, आणि मग म्हणतात, आमच्या आजोळी असंच होतं गं, ते पाडलं. म्हणजे बघा, जुनं घर बघायला निघालात तर ते इथंच सापडतं.

एनजीएमए समोरच्या चौकात, सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये. १९११ चा हॉल, मध्यंतरी तिथं बॉक्सिंगच्या मॅची आणि लग्नाची रिसेप्शनंसुद्धा व्हायची, १९९६ मध्ये त्याची गॅलरी झाली. आतून गोल चढत चढत वर जायचं असतं, तेव्हा बाबांना खालीच बसवा आणि मायलेकी वर जा. डेव्हिड ससून लायब्ररी (१८७०, पिवळसर मालाड दगडाची) बाहेरून बघून पुढे सरकलात तरी चालेल.

मुलगी विचारेलच, घोडा कुठाय? आत्ता जो आहे तो २०१७ चा, पाठीवर कोणी नाही. मूळ पुतळ्यावर इंग्लंडचे युवराज बसलेले होते, पुढे जे सातवे एडवर्ड झाले ते. १९६५ मध्ये तो पुतळा हलवून भायखळ्याला राणीच्या बागेत नेला, नाव मात्र चौकाला चिकटलं. त्याच आवारात भाऊ दाजी लाड म्युझियम आहे, १८७२ चं, फार देखणं, पण ते त्याच दिवशी कोंबू नका. भायखळा आपल्या वाटेवरच आहे, पुन्हा कधीतरी उतरा. (बुधवार सोडून.)

एक रुखरुख सांगते आणि थांबते. जहांगीरच्या आतच समोवार नावाचं लांबट बोळासारखं कॅफे होतं, तिथं चहा घेतल्याशिवाय आमची फेरी पूर्ण व्हायची नाही. २०१५ मध्ये बंद झालं. आता चहा बाहेरच.

प्रश्न : मी नेरूळला राहते. मला पेंटिंगपेक्षा थोर माणसांची घरं बघायला आवडतात, ते कुठल्या खोलीत बसायचे, काय वाचायचे हे. मुंबईत अशी घरं आत जाऊन बघता येतात का?

दोन तर नक्की, आणि दोन्ही एकमेकांपेक्षा इतकी वेगळी आहेत की लागोपाठ बघाच. गावदेवीतलं मणिभवन हे गांधीजींचं स्वतःचं घर नव्हे, रेवाशंकर जगजीवन झवेरी या त्यांच्या स्नेह्यांचं. १९१७ ते १९३४ मुंबईत आले की ते इथं उतरायचे. रौलट कायद्याविरुद्धचा १९१९ चा सत्याग्रह इथून सुरू झाला, आणि जानेवारी १९३२ मध्ये पोलिसांनी त्यांना पकडलं तेही इथंच, गच्चीवरून. दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली ठेवलीय, गादी, चरखे, बस एवढंच. तिथं फोन खिशात ठेवा आणि दोन मिनिटं नुसतं उभं राहा. नेरूळहून सीएसएमटीला उतरून भुयारी मेट्रोने ग्रँट रोड, तिथून चालत.

दुसरं राजगृह, दादर हिंदू कॉलनी. हे मात्र बाबासाहेबांनी स्वतः बांधून घेतलेलं, १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि ते पुस्तकांसाठी बांधलं म्हटलं तरी चालेल, कारण त्यांचा ग्रंथसंग्रह पन्नास हजारांच्या घरात होता. तळमजल्यावर स्मारक आहे, घर मात्र अजूनही कुटुंबाचं आहे, तेव्हा आवाज, चपला, जिन्याकडे डोकावणं हे सगळं आपल्या काकूंच्या घरी गेल्यासारखंच सांभाळायचं. ६ डिसेंबर आणि १४ एप्रिलला प्रचंड गर्दी असते, निवांत बघायचं असेल तर दुसरा दिवस धरा. हार्बरने कुर्ल्याला बदलून दादर.

खोताची वाडी पण सगळे सांगतात, गिरगावात, लाकडी जिने, रंगीत घरं. जा जरूर, पण ते म्युझियम नाही, लोकांची राहती घरं आहेत. मी स्वतः पाहिलंय, एका आजींच्या ओट्यावर बसून पाच-सहा जण रील काढत होते आणि आजी दारातच पिशवी घेऊन ताटकळत उभ्या. मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही.

प्रश्न : गॅलरीत चित्रांचे फोटो काढले तर चालतात का? – ऐरोलीहून

विचारा. चित्रकार असेल तर त्याला, नसेल तर टेबलवर बसलेल्याला. बहुतेक जण हो म्हणतात, फ्लॅश नको म्हणतात. न विचारता चित्राला पाठ करून सेल्फी काढला की वाईट दिसतं, एवढंच.

प्रश्न : सगळं तिकडेच का सांगता? आपल्या ठाण्यात काहीच नाही का?

आहे की. ठाण्याचा किल्ला आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १८१६ मध्ये पेशव्यांचे कारभारी त्र्यंबकजी डेंगळे तिथल्या कैदेतून इंग्रजांच्या हातावर तुरी देऊन निसटले. आता तिथं मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत राहायचा जो मार्ग आहे तो मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यापेक्षा मराठी ग्रंथसंग्रहालयात जा, १८९३ पासूनची संस्था आहे. आणि चरई, खारकर आळीत पायी फिरा, लाकडी खांबांची, उतरत्या कौलांची जी काही थोडी घरं उरलीत ती बघा. लवकर बघा हं, परवा गेले तर माझ्या ओळखीच्या एका घराच्या जागी पत्रे ठोकलेले होते.